पावसाळ्यात सायकलने कामावर जाताय? टायर आणि ग्रिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग जवळ आला की सायकलच्या दुकानांत दोन प्रकारची गर्दी होते. एक मडगार्ड शोधणाऱ्यांची आणि दुसरी "पावसात स्लिप होणार नाही असा टायर द्या" म्हणणाऱ्यांची. हे पान दुसऱ्या गर्दीसाठी आहे. रोज पाच ते पंधरा किलोमीटर शहरातल्या रस्त्यांवरून, रेनकोट चढवून, पाठीला लॅपटॉप लावून जाणारी माणसं इथे डोळ्यांसमोर आहेत. सह्याद्रीतल्या चिखलवाटा आणि शर्यती हा वेगळा विषय आहे.

पावसासाठी टायर घेताना सगळ्यात आधी नक्षी बघायची ना?

नाही. नक्षी सगळ्यात शेवटी बघा. डांबरी किंवा सिमेंटच्या ओल्या रस्त्यावर सायकल धरून ठेवतं ते रबर. त्यानंतर टायरमधली हवा, मग टायरची रुंदी, मग आतल्या कापडाचा लवचिकपणा आणि या सगळ्यांच्या मागे नक्षी. दुकानात मात्र बरोबर उलटं होतं. खोल खाचांचा टायर काउंटरवर ठेवला की गिऱ्हाईक बोट फिरवून "हां, याला ग्रिप आहे" म्हणतं आणि पैसे देतं. डोळ्यांना दिसते ती नक्षी, रबर कुठे दिसतं?

रस्त्याला लागलेला टायरचा भाग किती असतो याचा हिशेब करून बघा. स्वार, सायकल आणि पिशवी मिळून ८० किलो वजन धरलं आणि दोन्ही चाकांत ५० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असली, तर दोन्ही टायर मिळून साधारण २३ चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला टेकतं. म्हणजे दहा रुपयांच्या चार नाण्यांएवढं. एवढ्याशा जागेतलं निम्मं रबर खाचांमध्ये घालवायचं की सगळं रस्त्याला लावायचं, हा खरा प्रश्न आहे.

पण गाडीच्या टायरला खाचा पाणी बाहेर टाकायलाच असतात. सायकल पाण्यावर तरंगणार नाही का?

ही शंका रास्त आहे, कारण गाडीच्या बाबतीत ती खरी आहे. रुंद, सपाट टायर वेगाने पाण्यावर गेला की पाण्याला बाजूला सरायला वेळ मिळत नाही आणि टायर पाण्याच्या थरावर चढतो. नासाने १९६०च्या दशकात विमानाच्या टायरवर प्रयोग करून यासाठी एक ढोबळ सूत्र दिलं. हवेच्या दाबाचं वर्गमूळ जितकं जास्त, तितका तरंगण्यासाठी लागणारा वेग जास्त. त्या सूत्रात ३२ पीएसआयची मोटार घातली तर वेग येतो ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास. ५० पीएसआयची सायकल घातली तर ताशी ११८. शिवाय सायकलचा टायर अरुंद आणि गोल पोटाचा असतो, त्यामुळे पाणी दोन्ही बाजूंनी आपोआप निघून जातं. पुण्यात कर्वे रोडला संध्याकाळी सहा वाजता ११८चा वेग गाठणारा सायकलस्वार सापडला, तर त्याच्या टायरपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त बोलावं लागेल.

थोडक्यात, तुमची सायकल तरंगून पडत नाही. ती घसरते, कारण ओलं रबर आणि ओला रस्ता यांच्यातली पकड कमी होते. त्यावर खाचांचा उपाय चालत नाही.

मग माझ्या एमटीबीला (माउंटन बाइकला) आलेले बटणांचे टायर काढून टाकू?

रोजचा रस्ता डांबरी किंवा सिमेंटचा असेल, तर हो. बटणं मातीत रुतण्यासाठी असतात. माती मऊ असते, त्यामुळे बटण आत जातं आणि धरतं. डांबरात ते रुतणार कुठे? तिथे फक्त बटणांचे माथे टेकतात, मधली जागा हवेत राहते. वळताना कडेची उंच बटणं वाकतात आणि चाक सरकल्यासारखं वाटतं. कोरड्या रस्त्यावर हे खपून जातं. ओल्यावर तेच सरकणं पुढे घसरण्यात बदलतं.

आपल्याकडे पंधरा-वीस हजारांच्या आतल्या बहुतेक एमटीबींवर बटणांचे टायर असतात, कारण ते दणकट दिसतात. त्यातल्या पुष्कळ सायकली आयुष्यात सोसायटीच्या गतिरोधकापेक्षा अवघड काही चढत नाहीत.

मध्यम मार्ग हवा असेल तर सेमी-स्लिक घ्या, म्हणजे मधला पट्टा सपाट किंवा बारीक खाचांचा आणि कडेला थोडी बटणं. रस्त्याचा शेवटचा किलोमीटर कच्चा असेल, कामाची साइट, शेतावरचं गोडाऊन, नव्या वसाहतीतला न झालेला रस्ता, तर सेमी-स्लिकला पर्याय नाही. चिखलात पूर्ण सपाट टायर जागच्या जागी फिरतो.

सपाट टायर चांगला, तर माझा झिजून गोटा झालेला टायर पण चालेल की!

हा युक्तिवाद दर पावसाळ्यात कुणीतरी करतंच. सपाट म्हणून बनवलेला टायर आणि झिजून सपाट झालेला टायर यांत फरक आहे. पहिल्यात पूर्ण जाडीचं ताजं रबर असतं. दुसऱ्यात रबराचा पातळ थर उरलेला असतो, तोही उन्हाने टणक झालेला, आणि त्याखाली लगेच कापड. पोट गोल न राहता मधोमध चपटं झालेलं असतं, त्यामुळे वळताना सायकल एकदम कडेवर पडल्यासारखी वळते. शिवाय पंक्चर रोज ठरलेलं.

रबर चांगलं की वाईट, हे दुकानात कसं ओळखायचं?

पूर्ण खात्रीने ओळखता येत नाही, पण अंदाज येतो. आधी कारण समजून घ्या. रबर रस्त्याला दोन प्रकारे धरतं. एक म्हणजे चिकटून, दुसरं म्हणजे खडीच्या बारीक उंचवट्यांवर दबून आणि त्यांना घट्ट बिलगून. पाणी आलं की चिकटणं बरंचसं संपतं. बिलगणं शिल्लक राहतं आणि ते मऊ रबराला चांगलं जमतं. म्हणून पावसात मऊ रबर जिंकतं आणि झिजण्याच्या शर्यतीत तेच हरतं.

टायरचा काळा रंग येतो कार्बन ब्लॅकमुळे. त्याने रबर टिकाऊ होतं. त्याच्या जोडीला किंवा जागी सिलिका घातली, तर ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने मोटारींच्या टायरमध्ये सिलिका मोठ्या प्रमाणात आणली, आणि आता सायकलच्या चांगल्या टायरमध्येही ती असते. वेष्टनावर सिलिकाचा उल्लेख असेल तर तो निव्वळ जाहिरातीचा शब्द नाही.

दुकानात करायची गोष्ट अशी: टायरच्या मधोमध अंगठ्याचं नख दाबा. नख थोडं रुतलं आणि खूण हळू भरून आली तर रबर मऊ आहे. प्लास्टिकच्या बादलीवर नख मारल्यासारखं वाटलं तर तो टायर उन्हाळ्यासाठी राहू दे. मग टायर हातात घेऊन पिळून, दुमडून बघा. कापड लवचिक असेल तर टायर खड्ड्याबरोबर, खडीबरोबर आकार बदलतो आणि रस्ता सोडत नाही. वेष्टनावर टीपीआय लिहिलेला असतो, म्हणजे एका इंचात कापडाचे किती धागे आहेत ते. स्वस्त टायरमध्ये तो वीस-तीसच्या घरात असतो, मधल्या दर्जाच्या टायरमध्ये साठच्या आसपास, आणि त्यावरचे शंभर ओलांडतात. कामावर जाण्यासाठी साठ पुष्कळ झाला. शंभरचा टायर सुरेख पळतो, पण आपल्या रस्त्यांवरच्या काचा आणि तारा त्याला फार दिवस जगू देत नाहीत.

किती रुंद टायर घ्यावा?

फ्रेम आणि मडगार्ड परवानगी देतील तेवढा. हायब्रिड (रोड बाइक आणि एमटीबीच्या मधली) सायकल असेल तर ३५ ते ४० मिलिमीटर, रोड बाइक असेल तर बसला तर २८ किंवा ३२, आणि २६ इंची एमटीबीला १.५ ते १.९५ इंच. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, हा त्याचा खरा फायदा. शिवाय पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा जाळीच्या झाकणात २५ मिलिमीटरचा टायर अडकतो, तिथे ३८चा वरून निघून जातो.

रुंद टायर जड चालतो हा समज अर्धाच खरा आहे. खडबडीत रस्त्यावर कडक अरुंद टायर प्रत्येक खडीवर उडतो आणि त्यात ताकद वाया जाते.

पावसात हवा किती ठेवायची?

इथे पैसा न खर्च करता सगळ्यात जास्त फायदा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे टायर "दगडासारखा" भरायची सवय आहे. सायकलवाला अंगठ्याने दाबतो, अंगठा आत गेला नाही की समाधानाने मान हलवतो. असा टायर ओल्या रस्त्यावर टिचक्या मारत जातो. हवा थोडी कमी केली की टेकणारी जागा वाढते आणि टायर रस्त्याचे उंचसखल भाग पोटात घेतो.

सुरुवात करायला आकडे देतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलोच्या आसपास धरलंय. २८ मिलिमीटरच्या टायरला मागे ७५, पुढे ६५ पीएसआय. ३२ला मागे ६० आणि पुढे ५५. ३५ला ५२ आणि ४५. ४०ला ४४ आणि ३८. एमटीबीच्या १.९५ इंची टायरला ३६ आणि ३२. वजन जास्त असेल तर त्या प्रमाणात वाढवा, कमी असेल तर उतरवा. पुढच्या चाकावर वजन कमी येतं, म्हणून तिथे हवा कमी. टायरच्या भिंतीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. त्या दोन्हींच्या मध्ये राहा. छापलेला जास्तीचा आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नाही.

खूप कमी केली तरी भानगड होते. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे दिसत नाही, चाक आदळतं, रिम आणि खड्ड्याच्या कडेत ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. असं वारंवार झालं तर पाच पीएसआय वाढवा. वळताना मागचं चाक डुलल्यासारखं वाटलं तरीही तेच.

माझ्या सायकलला साधा वॉल आहे. काटा लावला तर दाब दिसत नाही.

जुन्या डनलॉप वॉलमध्ये रबराची नळी, म्हणजे आपली वॉलट्यूब, हवेला एकाच दिशेने जाऊ देते. त्यामुळे काट्याला आतला दाब कळत नाही. पंपावरचा काटाही त्या रबराला ढकलायला लागणारा दाब मिळवून दाखवतो. सोपा उपाय म्हणजे पुढच्या वेळी ट्यूब बदलताना मोटारसायकलसारख्या वॉलची ट्यूब घ्या. बहुतेक रिमच्या भोकात ती बसते. मग पायाने मारायचा काट्याचा पंप घरीच ठेवा. पेट्रोल पंपावरच्या हवेने सायकल भरायची असेल तर फार जपून, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावतेच किती.

पहिल्या पावसात सगळे जास्त का पडतात?

मार्च ते मे रस्त्यावर डिझेलचे थेंब, ऑइल, धूळ आणि टायरचा काळा भुगा साचत जातो. वळवाची एक सर आली की या सगळ्याचा पातळ, तेलकट लेप तयार होतो. तो धुऊन जाण्याइतकं पाणी अजून पडलेलं नसतं. एकदा तास-दोन तास जोरदार कोसळला की तोच रस्ता बराच बरा होतो. म्हणून सर सुरू होताच अर्धा तास थांबणारा माणूस भित्रा नव्हे, हिशेबी आहे.

असंच श्रावणात घडतं. ऊन, पाऊस, पुन्हा ऊन. दोन-चार दिवस उघडीप मिळाली की लेप परत जमतो. सिग्नलजवळ, बसथांब्यापाशी आणि पेट्रोल पंपाच्या तोंडाशी तो सगळ्यात जाड असतो, कारण तिथे गाड्या उभ्या राहून गळतात.

चेंबरचं झाकण, झेब्रा क्रॉसिंग, पेव्हर ब्लॉक, यांवर न घसरणारा टायर कोणता?

असा टायर नाही. कुणी विकत असेल तर विकू द्या.

कारण साधं आहे. रबराला बिलगायला बारीक उंचवटे लागतात. लोखंडी झाकण, मेट्रोच्या किंवा पाइपलाइनच्या कामावर टाकलेली पोलादी पत्रं, उड्डाणपुलाच्या सांध्यावरची पट्टी आणि पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे जाड पट्टे, हे सगळं गुळगुळीत. ओल्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ढोबळपणे ०.५ धरला आणि ओल्या लोखंडावर ०.२, तर ८ मीटर त्रिज्येच्या वळणावर डांबरावर ताशी बावीस किलोमीटरपर्यंत सायकल तग धरते, लोखंडावर चौदा झाले की संपलं. पहिल्यात २६ अंशांपर्यंत कलता येतं, दुसऱ्यात जेमतेम ११. टायर कितीही महाग असो, या दोन आकड्यांतली दरी तो भरून काढत नाही.

म्हणून अशा जागी उपाय टायरमध्ये नसून हातात आहे. झाकणावरून जावंच लागलं तर सरळ जा, सायकल कलती नको, ब्रेक आधी सोडा, पॅडल मारू नका. झाकण वळणाच्या मधोमध असेल तर वळण त्याच्या आधी किंवा नंतर पूर्ण करा. पट्टे, लोखंडी रूळ, पत्र्याच्या कडा शक्य तेवढ्या काटकोनात ओलांडा. रेल्वे फाटकावर हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण रुळालगतच्या फटीत चाक गेलं की ते रुळाच्या दिशेनेच जातं.

पेव्हर ब्लॉकची गोष्ट दुहेरी आहे. नवा ब्लॉक खडबडीत असतो आणि पकड चांगली देतो. दोन पावसाळे झाले, झाडाची सावली आली, की त्यावर हिरवं शेवाळ चढतं आणि मग चालणारासुद्धा घसरतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या पाखाड्यांवर, जुन्या फरशीच्या उतारांवर हेच. तिथे उतरून सायकल हातात धरून चाला.

पुण्यात आणखी दोन खास जागा आहेत. मुठेला पाणी सोडल्यावर भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पाणी ओसरून रस्ता खुला झाला की मागे उरलेल्या गाळाच्या पातळ थराकडे मात्र लक्ष जात नाही. दिसायला रस्ता नुसता ओला दिसतो. दुसरी जागा म्हणजे गुलमोहर आणि सोनमोहर असलेले रस्ते. जूनच्या सुरुवातीला पाकळ्यांचा सडा पडतो, त्यावर गाड्या जाऊन लगदा होतो. फोटोला छान, टायरला अजिबात नाही. भाजी मंडईबाहेर कोथिंबिरीच्या काड्या आणि कोबीची पानं यांचाही तसाच लगदा होतो. त्यात फुलांचं सौंदर्यही नसतं.

एकच टायर घ्यायचे पैसे आहेत. पुढे घालू की मागे?

पुढे. मागचं चाक सरकलं तर बहुतेक वेळा सायकल सावरता येते. पुढचं सरकलं की कळायच्या आत माणूस खाली असतो. आणि ब्रेक मारताना वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवण्याचं खरं कामही पुढचंच चाक करतं.

मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून लोक नवा टायर मागे घालतात. त्याऐवजी पुढचा बऱ्या अवस्थेतला टायर मागे टाका आणि नवा पुढे चढवा. पंक्चरवाला याला थोडी कुरकूर करेल, कारण दोन चाकं खोलावी लागतात. दोन्हींची मजुरी द्या. पुढे मऊ पकडीचा आणि मागे टिकाऊ टायर अशी वेगवेगळी जोडीसुद्धा चालते.

टायरवरचे इतके आकडे कसे वाचायचे? २८ इंच म्हणतो तर एक बसतो, दुसरा बसत नाही.

इंचांचे आकडे विसरा आणि भिंतीवर उठवलेला ३७-६२२ असा जोडआकडा शोधा. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडी सूट आहे.

७००सी (रोड बाइक आणि हायब्रिडचं नेहमीचं माप) आणि २९ इंची एमटीबी, दोन्ही ६२२. २७.५ इंची म्हणजे ५८४. एमटीबीची २६ इंची म्हणजे ५५९, पण २६ × १ ३/८ लिहिलेला टायर ५९०. दोन्हींवर २६ आहे म्हणून एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. दुकानात जाताना हा आकडा फोनमध्ये फोटो काढून न्या, वादच नको.

वडिलांची जुनी काळी सायकल आहे, दांडीच्या ब्रेकची. तिला पावसाचा चांगला टायर मिळेल?

त्या सायकलींचा टायर साधारणतः २८ × १ १/२, म्हणजे ६३५. या मापात निवड थोडी, बहुतेक देशी टायर एकाच ठेवणीचे. पण ४० मिलिमीटर रुंदी आणि सपाटसर मधला पट्टा असल्यामुळे ओल्या रस्त्यावर ते समजतो तितके वाईट नसतात. ताजा माल मागा, भिंतीवर बारीक चिरा नाहीत ना बघा. त्या सायकलची खरी अडचण टायर नाही. पावसात तिचे ब्रेक जवळजवळ रजेवर जातात.

ब्रेकचा आणि टायरच्या ग्रिपचा काय संबंध?

रिमवर रबर दाबणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत काही घडत नाही. ७००सी चाकाचा एक फेरा म्हणजे २.१ मीटर. दोन फेरे पाणी पुसण्यात गेले की चार मीटर गेले. घाबरून माणूस आणखी जोरात दाबतो, तेवढ्यात रिम कोरडी होते, ब्रेक एकदम धरतो आणि चाक लॉक होतं. मग दोष टायरला. पावसात ब्रेक आधीपासून हलके टेकवत राहा, ब्रेकची रबरं टणक झाली असतील तर बदला, आणि त्यांत रुतलेले वाळूचे, ॲल्युमिनियमचे कण टोकदार वस्तूने काढा. डिस्क ब्रेकला ही अडचण फारशी नाही.

पावसात पंक्चर जास्त होतात, म्हणून पंक्चर न होणारा जाड टायर घेऊ का?

पावसात पंक्चर जास्त होतात हे खरं. पाण्यासोबत काचा, खडी आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा रस्त्याच्या कडेला वाहून येतात, नेमक्या आपण चालवतो तिथे. शिवाय ओलं रबर ओल्या काचेने सहज कापलं जातं.

संरक्षक पट्ट्याचे टायर उपयोगी पडतात. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन टायरमध्ये ३ मिलिमीटरचा रबरी पट्टा असतो, मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटरचा. पण जाड पट्टा म्हणजे वजन आणि कडकपणा. प्लसचा एक टायर पाऊण किलोच्या वर जातो आणि पकडीत त्याचा काही फायदा नाही. भर पावसात, अंधारात, हायवेच्या कडेला चाक खोलण्याची धास्ती असेल तर मागे जाड टायर लावा आणि पुढे लवचिक. माझं मत विचाराल तर शहरात, जिथे दर चौकात पंक्चरवाला आहे, मी ग्रिपला झुकतं माप देईन.

ट्यूबलेस करून घेऊ?

रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनलेले असतील तर चांगलं आहे. हवा कमी ठेवता येते, ट्यूब चिमटण्याचा प्रश्न नाही आणि बारीक भोकं टायरमध्ये ओतलेलं द्रव बुजवतं. साध्या रिमवर जुगाड करू नका. आपल्या उकाड्यात ते द्रव लवकर वाळतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी बघून भरावं लागतं. रोज ये-जा करणाऱ्या साध्या सायकलला हा खटाटोप गरजेचा नाही.

देशी टायर घेऊ की परदेशी?

दोन्हींत चांगलं-वाईट आहे. लुधियानाच्या रॅल्सन आणि मेट्रो, हैदराबादची हार्टेक्स या कंपन्यांचे टायर गल्लीतल्या दुकानातही मिळतात, काही शे रुपयांत येतात आणि दर दोन पावसाळ्यांनी बदलायला जीव दुखत नाही. ताज्या रबराचा स्वस्त टायर हा दुकानात चार वर्षं उन्हात टांगलेल्या महागड्या टायरपेक्षा पावसात केव्हाही बरा. परदेशी टायरमध्ये श्वाल्बे, कॉन्टिनेन्टल, मिशेलिन, पानारेसर, व्हिटोरिया यांच्याकडे शहरात रोज चालवण्यासाठी खास टायर आहेत आणि त्यांचं रबर, कापड बहुतेक वेळा सरस असतं. किंमत तीन ते सहापट. रोज दहा किलोमीटरच्या वर जात असाल तर निदान पुढचा तरी त्यातला घ्या.

आयएसआयचा शिक्का असेल तर ओल्या रस्त्याची हमी मिळते का?

सायकल टायरसाठी आयएस २४१४ हे भारतीय मानक आहे आणि शिक्का असलेला टायर घ्यावा हे बरोबर. पण मोटारीच्या टायरवर युरोपात ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी छापलेली असते, तसं सायकलच्या टायरवर काही नसतं. "वेट ग्रिप" असं वेष्टनावर लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा शब्द समजा.

मडगार्डमध्ये रुंद टायर घासतो. मडगार्ड काढू?

टायर एक माप कमी करा, मडगार्ड ठेवा. टायर आणि मडगार्डमध्ये सगळीकडून किमान सात-आठ मिलिमीटर जागा हवी, नाहीतर चिखल आणि पानं अडकून चाक जाम होतं. मडगार्डची रुंदी टायरपेक्षा दहा मिलिमीटर जास्त धरा. मडगार्ड नसेल तर मागून येणाऱ्याच्या तोंडावर राडा उडतो आणि तुमच्या शर्टावर पाठभर रेघ येते, ती कुठल्याही मीटिंगमध्ये लपत नाही.

सर्व्हिसिंगनंतर सायकल चकाचक मिळाली आणि त्याच दिवशी घसरली. योगायोग?

कदाचित नाही. काही ठिकाणी टायर काळाभोर दिसावा म्हणून त्यावर पॉलिश किंवा तेलकट फडका फिरवतात. भिंतीला लागलं तर फारसं बिघडत नाही, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लागलं तर पावसात पंचाईत. चेनवर मारलेला स्प्रे उडूनही रिमवर आणि टायरवर बसतो. भांड्यांच्या साबणाने घासून धुवा. आणि सायकल देतानाच सांगा, "टायरला काही लावू नका."

नवा कोरा टायरही वरून चकचकीत आणि निसरडा असतो. पहिले वीस-तीस किलोमीटर कोरड्या रस्त्यावर काढून मग पावसात न्या. म्हणून टायर बदलायचा तर मेच्या शेवटी, मुसळधार सुरू झाल्यावर नव्हे.

टायर कधी बदलायचा?

कापडाचे धागे दिसले, भिंतीला चिरा पडल्या, मधोमध चपटा पट्टा झाला किंवा रबर टणक झालं की. काही टायरमध्ये झीज दाखवणारे छोटे खड्डे असतात, ते दिसेनासे झाले की वेळ झाली. फार न चालवलेली सायकलही तपासा. बाल्कनीत उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलचा टायर न चालताच म्हातारा होतो.

ई-सायकलला वेगळा टायर लागतो?

वजन वीस-पंचवीस किलो आणि मागच्या चाकाला मोटरचा झटका, त्यामुळे मागचा टायर लवकर झिजतो. ४० मिलिमीटरच्या पुढचा, ई-सायकलसाठी सांगितलेला टायर घ्या. ओल्या झाकणावरून जाताना मोटरची मदत सगळ्यात कमी ठेवा.

मी युरोपात राहतो. हे सगळं तिथेही लागू आहे का?

पावसाचं सगळं लागू आहे, आणि भर म्हणून ट्रामचे रूळ आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या ओल्या पानांचा थर. फरक थंडीचा. तापमान शून्याजवळ आलं की नेहमीचं रबर ताठ होतं, म्हणून तिथे हिवाळी रबराचे टायर मिळतात. रस्त्यावर बर्फाची काच धरत असेल तर टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवलेले टायर लागतात. पण नुसत्या ओल्या डांबरावर ते खिळे आवाज करतात, जड चालतात आणि साध्या टायरएवढी पकड देत नाहीत, म्हणून बर्फ संपला की उतरवून ठेवा.